ते भात आणि तो भात : डिचोलीतल्या एका सातवीच्या वर्गाचं प्रकरण

शेतात उभं असतं ते भात आणि ताटात वाढतात तो भात. शब्द एकच, फक्त लिंग बदलतं, आणि या दोघांच्या मधे तांदूळ. जून २०२३ मध्ये शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात सातवीतल्या एका मुलीने मला विचारलं, "टीचर, ते भात आणि हा भात एकच काय?" वर्गात कोणीच हसलं नाही. मला लागलं ते हेच, कारण हसलं नाही म्हणजे बाकीच्यांनाही नक्की माहीत नव्हतं.

मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका गावातल्या हायस्कूलात सायन्स शिकवते. वर्गाच्या खिडकीतून शेत दिसतं, म्हणजे एकेकाळचं शेत, आता त्यात गुडघाभर गवत आणि मोकाट गुरं. आमच्या भागात हे नवीन नाही. ज्यांच्या आजोबांनी शेती केली त्यांच्या बापांनी खाणीवर ट्रक चालवले, काही शेतांत खाणीचा गाळ आला तो वेगळाच, मग २०१२ ला खाणी बंद झाल्या, परत सुरू झाल्या, २०१८ ला परत बंद, आणि या सगळ्यात शेताकडे परत वळायचं कोणाला सुचलं नाही, किंवा सुचलं तरी जमलं नाही. मुलं रोज त्याच मेरेवरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चालत शाळेत येतात. भात बघितलेलं नाही असं नाही, चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, नव्याची कणसं घरात येतात, गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीला कांगलां, कवंडळ, आंबाडे, चिबूड, सुपारीचा कात्रा हे सगळं तर ती माझ्यापेक्षा भराभर ओळखतात. म्हणजे सणाला शेत घरात येतं, पण रोजच्या ताटाशी त्याचं नातं कुठे जुळत नाही. प्रकरण आहे ते एवढंच, आणि त्यासाठी आम्ही एक सबंध पीक काढायचं ठरवलं.

त्याआधी मी जे केलं होतं तेही सांगते. आदल्या वर्षी मुलांना मसाल्याच्या बागेत नेलं होतं. मिरी, जायफळ, वेलची, दालचिनी सगळं बघितलं, नावं वहीत लिहून घेतली, फोटो काढले, जेवून परत आलो. दोन महिन्यांनी विचारलं तर मिरीचा वेल असतो की झाड हे अर्ध्यांना आठवत नव्हतं. त्यात मुलांची चूक नाही, एका दिवसात बघितलेल्या गोष्टीशी त्यांचा संबंधच काय येणार. बाटल्यांत मेथी पेरायचा प्रयोगही केला होता, तो सुट्टीत सुकला आणि कोणाचं काही बिघडलं नाही. मला वाटतं गोम तिथेच होती, बिघडण्यासारखं कोणाचं काही त्यात नव्हतंच.

तर यावेळी सुरुवात शेतापासून केली नाही, ताटापासून केली. शाळेत दुपारचं जेवण महिलांच्या स्वयंसहाय्य गटाकडून येतं, त्या दिवशी पाव आणि वाटाण्याची पातळ भाजी होती. म्हटलं, यातलं काय काय कुठून आलं ते शोधून काढा. आठवडाभर मुलं मागे लागली, गटाच्या बायकांना विचारलं, दुकानदाराला विचारलं, पोत्यांवरचे छाप वाचले. भिंतीवर भारताचा नकाशा लावला आणि दोरा ओढत गेलो. पाव तर आपलाच, पोदेर म्हणजे पाववाला सकाळी घंटी वाजवत दारात येतो, पण गोव्यात गहू पिकतच नाही, म्हणजे त्या पावाचा मैदा पूर्ण बाहेरचा. कांदा नाशिककडचा. बटाटा, टोमॅटो, मिरची, कोथिंबीर बेळगावहून. तेल पामचं, तो दोरा नकाशाच्या बाहेर इंडोनेशिया-मलेशियाकडे गेला. पांढरे वाटाणे देशात पुरत नाहीत म्हणून कॅनडा-रशियातून पण आणले गेलेत हे कळल्यावर एक मुलगा नुसता "वाटाणा?" म्हणून उभा राहिला. मीठसुद्धा गुजरातचं, जिथे आपल्या पेडण्यात आगरवाड्याला मिठागरं आहेत. शेवटी गोव्यात टोचायला एकच टाचणी राहिली, नारळ.

वर्गातल्या एकाचे वडील बेळगावहून भाजीची गाडी आणतात. त्यांना बोलावलं, ते आले, शाळेत बोलायचं म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून आले. संध्याकाळी माल भरायचा, रात्री जांबोटीवरून चोर्ला घाट उतरायचा, केरी, साखळी करत पहाटे बाजारात पोचायचं. पावसात घाटात दरड पडली की गाडी अडकते, पालेभाजी दाटून गरम होते आणि सकाळी ती कोण घेत नाही. "आणि गोव्यात भाव वाढतो," ते म्हणाले, "पण तो वाढलेला पैसा ना मला मिळत ना शेतकऱ्याला." मुलं एकदम गप्प. त्यांचा मुलगा तर बापाकडे असा बघत होता जसं काय पहिल्यांदा बघतोय.

मग पडीक शेताकडे वळलो. शेताचा मालक कोण हे शोधण्यातच पंधरा दिवस गेले. जमिनीच्या नोंदीचा एक-चौदाचा उतारा काढला तर त्यावर वारलेल्या आजोबांचं नाव, आणि वारसदार मुंबईपासून लंडनपर्यंत पसरलेले. गावात राहणारे जे काका आहेत ते भले माणूस, पण त्यांनी स्पष्ट सांगितलं, "मुलांना करू दे, पण मी लिहून काही देणार नाही." यामागचं कारण मुलांना समजावून सांगणं मला गरजेचं वाटलं. १९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला संरक्षण दिलं आणि ते योग्यच होतं, भाटकाराने, म्हणजे जमीनमालकाने, मनात येईल तेव्हा हाकलून द्यायचे दिवस त्याने संपवले. पण आज कोणाला शेत कसायला दिलं तर उद्या तो कूळ म्हणून उभा राहील ही धास्ती घराघरात आहे, म्हणून शेत ओसाड ठेवतात पण कोणाला देत नाहीत. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात असलं काही नसतं. पण आपलं जेवण बेळगावहून का येतं याच्या उत्तरात पाऊस आणि माती जेवढी आहे तेवढाच हा उताराही आहे.

काकांनी ४०० चौरस मीटरचा एक तुकडा दिला. ज्योती जातीचं ३ किलो बियाणं विभागीय कृषी कार्यालयातून आणलं. ज्योती लाल दाण्याचं, उकड्या तांदळाला आपल्याकडे चालतं आणि चारेक महिन्यांत तयार होतं, म्हणजे शाळेच्या वेळापत्रकात बसतं. वायंगण, म्हणजे उन्हाळी भात, आमच्याकडे शक्य नव्हतं, उन्हाळ्यात तिथे पाणी नाही, म्हणून सरद, म्हणजे पावसाळी भातच.

आणि इथून पुढे शिकवायचं काम माझ्याकडे राहिलंच नाही. शाळेच्या मागे राहणाऱ्या एका मुलाची आजी, सत्तरीच्या पुढची, ती मेरेवर येऊन उभी राहिली आणि पाच मिनिटं बघून म्हणाली, "बाय, तरवो काडपाक येता तुका?" म्हणजे लावणीची रोपं काढता येतात का तुला. मला येत नव्हतं. मी तसं सांगितलं. मग ती साडी खोचून खाली उतरली.

तिने बियाणं आधी मिठाच्या पाण्यात टाकायला लावलं. पाण्यात कोंबडीचं अंडं तरंगेपर्यंत मीठ घालायचं, मग भात टाकायचं, पोचट दाणे वर येतात ते काढून टाकायचे, खाली बसलेले चांगल्या पाण्याने धुवून घ्यायचे. घनता हा धडा मी दरवर्षी शिकवते, पण यावर्षी तो बादलीत शिकवला गेला. मग गोणपाटात दाबून ठेवलेल्या दाण्यांना पांढरे मोड आले, वाफ्यात पेरले, आणि तेविसाव्या दिवशी जुलैच्या भर पावसात लावणी.

लावणीचं तेवढं जरा सविस्तर सांगते. तरवा उपटताना मुठीत धरून मुळाजवळून ओढायचा, वर धरून ओढला तर तुटतो. मुळांची माती पाण्यात खळखळून काढायची आणि चुडी बांधायची. लावताना तीन बोटांत दोन-तीन रोपं धरून चिखलात नुसती ठेवल्यासारखी रोवायची, फार खोल नाही, खोल गेली तर फुटवे कमी येतात. आजी मागे मागे सरकत लावायची आणि तिची ओळ दोरी न लावता सरळ. मुलांच्या ओळी सापासारख्या, अर्धी रोपं तासाभरात पाण्यावर तरंगायला लागली, ती परत लावली. एक तास झाल्यावर कंबर धरली सगळ्यांची. आजी म्हणाली आम्ही सकाळपासून दिवेलागणीपर्यंत करायचो, पोर पाठीला बांधून. तेव्हा एका मुलीने विचारलं मग पैसे किती मिळायचे, आजी म्हणाली पैसे कसले, भातच मिळायचं.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट मी बघितली. वर्गात गदगकडचा एक मुलगा आहे, आईवडील बांधकामावर आहेत, चार वर्षांपूर्वी आले. वर्गात तो तोंड उघडत नाही, मराठी-कोकणी दोन्ही अडखळत. शेतात उतरल्यावर मात्र तो सगळ्यांत पुढे. भात त्याने कधी लावलेलं नव्हतं, त्यांच्याकडे ज्वारी, पण गुरं कुठून शिरतील, मेर कुठे फुटेल, विळा कसा धरायचा हे त्याला सांगावं लागलं नाही. मुलांनी विचारलं तुझं शेत आहे तर इथे कशाला आला, तर म्हणाला, "पाऊस नाही आला. दोनदा." एवढंच. त्या दिवसापासून मुलं त्याला विचारून कामं करायला लागली. ज्यांच्या घरून आपलं अन्न येतं ती माणसं आपल्याच वर्गात मागच्या बाकावर बसलेली असतात हे मला इतकी वर्षं शिकवून दिसलं नव्हतं, आणि याचं मला वाईट वाटतं.

सगळे खूश होते असं नाही. एका मुलाची आई शाळेत आली, चिडून नाही, पण डोळ्यांत पाणी होतं. म्हणाली, "टीचर, मी दुसऱ्याच्या शेतात राबले म्हणून ह्याला शाळेत घातला, तुम्ही परत त्यालाच चिखलात घालता?" तिचा मुद्दा खोटा नव्हता. तुझ्या मुलाला शेतकरी बनवायचं नाहीये असं सांगून तिचं समाधान झालं असतं, पण तसं म्हटलं तर शेतकरी होणं म्हणजे काहीतरी कमीपणाचं हेच मी कबूल केल्यासारखं झालं असतं. मी तिला म्हटलं, तुम्ही येऊन मुलांना दाखवा ना, तुम्हाला जेवढं येतं तेवढं मला येत नाही. ती लगेच आली नाही, पुढे कापणीला आली.

मग आला ऑगस्ट. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा होता हे नंतर पेपरात वाचलं, आम्हाला ते आधीच पायाखाली कळलं होतं. गोव्यात ऑगस्टमध्ये शेताला पाणी द्यायचं हे मुलांच्या डोक्यातही आलं नव्हतं, इथे पावसाला कंटाळतात लोक. चिखल घट्ट झाला, मग बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या, आणि पाणी हटलं तसं तण उसळलं. शेजारच्या विहिरीवरून पंप लावून दोन वेळा पाणी घेतलं, बेणणी दोन शनिवार केली तरी निम्मं तण राहिलंच. रोज शाळेत आल्या आल्या मुलं आधी शेताकडे धावायची आणि मग प्रार्थनेला. आभाळ बघायची सवय लागली त्यांना. मला वाटतं संपूर्ण वर्षात जे काही शिकणं झालं त्यातला मोठा हिस्सा त्या तीन आठवड्यांचा, आणि मी ते आखलेलं नव्हतं.

सप्टेंबरच्या सुरुवातीला भात फुलावर आलं. भाताला फूल असतं हेच मुलांना नवीन होतं, पुस्तकात फूल म्हणजे कायम जास्वंद. साडेनऊ-दहाच्या सुमाराला भिंग घेऊन गेलो. लोंबीवरचा एकेक दाणा चिमणीने चोच उघडावी तसा उघडतो, आतून बारीक फिकट पिवळे परागकोश धाग्यावर बाहेर लोंबतात, आणि तासाभरात ती दोन टरफलं परत मिटतात, आत दाणा धरायला लागतो. वीसेक मुलं ओणवी होऊन श्वास रोखून बघत होती, कारण श्वासाने पण लोंबी हलते. नंतर आठवडाभराने दाणा नखाने दाबला की दूध निघायचं, पांढरं, गोडसर. सगळ्यांनी चाखलं. ज्या मुलीने जूनमध्ये तो प्रश्न विचारला होता ती दुधाचं बोट तोंडात घालून म्हणाली, "पेजेसारखं लागतं."

१९ सप्टेंबरला चवथ होती. त्या वर्षी नव्याची कणसं मुलांनी स्वतःच्या शेतातून नेली, प्रत्येकाने पाच, त्यापेक्षा जास्त नाही असं त्यांनीच ठरवलं. पण सुट्टीत शेतावर कोण जाणार हे आम्ही कोणी ठरवलं नव्हतं, आणि ही सरळसरळ माझी चूक. सुट्टीत रानडुकरं शिरली. परत आलो तेव्हा एक कोपरा पूर्ण लोळवलेला, दाणे चिखलात. दोघी रडल्या. एक मुलगा रागाने म्हणाला मारून टाकायला पाहिजेत, दुसरा म्हणाला त्यांचा डोंगर खणून टाकला मग ती जाणार कुठे, आणि त्यावर एक अख्खा तास वाद झाला, मी मधे पडले नाही. माझंही यावर एक मत नाही. ज्याचं वर्षाचं पोट त्या कोपऱ्यावर असेल त्याला मी दुसऱ्या मुलाचं वाक्य ऐकवू शकणार नाही.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, परतीच्या पावसाची उघडीप बघून, कापणी केली. शाळेच्या कट्ट्यावर झोडपून मळणी, सुपाने उफणून घेतलं, दोन दिवस वाळवलं, आणि वजन केलं तर ७१ किलो. ४०० चौरस मीटरला दीडशे किलोच्या आसपास यायला हरकत नव्हती, म्हणजे तण, ऑगस्ट आणि डुकरांनी मिळून निम्मं नेलं.

मग फळ्यावर हिशोब मांडला. ७१ किलो भात भरडलं तर साधारण ४६ किलो तांदूळ. ३१ मुलांत वाटले तर प्रत्येकी दीड किलो. एका मुलाने घरी मोजून आणलं होतं, त्यांच्याकडे पाच माणसांना दिवसाला सव्वा किलो लागतो. म्हणजे चार महिने राबून एका घराचा दीड दिवसही नाही. मग विकलं तर किती? त्या हंगामाचा केंद्राचा हमीभाव साधारण भाताला क्विंटलला २१८३ रुपये, म्हणजे आमचं सगळं भात सुमारे १५५० रुपयांचं, प्रत्येकाच्या वाट्याला ५० रुपये, त्यातून बियाणं, पॉवर टिलरचं भाडं, पंपाचं डिझेल वजा करायचं बाकीच होतं. ते वजा केलं आणि आकडा शून्याच्या खाली गेला. मुलांना वाटलं गणित चुकलं, परत केलं. नाही चुकलं. "मग शेतकरी का करतात?" या प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही, तो नकाशाशेजारी कागदावर लिहून लावला, अजून आहे तिथे.

दुसऱ्या शाळेत कोणी हे करणार असेल तर माझ्या अनुभवातून काही गोष्टी. एक म्हणजे ४०० मीटर एका वर्गाला जास्त होतात, १०० मीटर घ्या आणि नीट बेणा. दुसरं, सुट्ट्यांची पाळी जूनमध्येच लिहून ठेवा, चवथीची सगळ्यात आधी. आणि गावातली जाणती माणसं सुरुवातीलाच बोलवा, आमची आजी आपणहून आली म्हणून निभावलं. नवीन शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना ठेवायचे आहेत, ते सलग घेऊ नका, जून ते नोव्हेंबर एकेक करून पसरवा, भात दहा दिवसांत होत नाही.

दिवाळीला पोहे हवेतच, गोव्यात नरकचतुर्दशीची सकाळ पोह्यांशिवाय नाही, दुधातले, ताकातले, गुळखोबऱ्यातले. आजीने ६ किलो भात आदल्या रात्री गरम पाण्यात भिजत घातलं, सकाळी निथळून मोठ्या कढईत भाजलं, दाणे तडतडायला लागले की गरम असतानाच उखळात कांडायचे, थंड झाले तर चुरा होतो. मुलांनी आळीपाळीने मुसळ धरलं. जी आई रडत आली होती ती कापणीपासून येतच होती, तिने कांडायची लय धरून दिली, एक मुसळ वर तेव्हा दुसरं खाली. जाड, तांबूस पोहे झाले, प्रत्येकाला दोन मुठी. गदगचा मुलगा म्हणाला आमच्यात ह्याला अवलक्की म्हणतात, आणि त्याने आपल्या मुठी कागदात बांधून आईकडे नेल्या.

बाकीचं भात भरडून वाटलं, ३ किलो बियाणं म्हणून राखलं. ते पत्र्याच्या डब्यात, कडुनिंबाचा पाला घालून, सायन्स लॅबच्या कपाटात आहे. पुढच्या जूनला शेत मिळेल की नाही नक्की नाही, वारसांपैकी कोणीतरी लंडनहून फोन करून काकांना विचारलं की शेतात माणसं कोण होती. काका म्हणतात बघू. आणि ती मुलगी दर सोमवारी किल्ली मागून घेते, डब्यात कोपरापर्यंत हात घालते, ओल लागली का बघते आणि झाकण परत घट्ट लावते.